फाटकावर एकच माणूस

२४ सप्टेंबर १९८७, गुरुवार

बाबा,

कंपनीकडून आलेली पत्रं तुम्ही नेहमी शेवटापासून वाचायचात. "वर गोड बोलतात, लाथ खाली सहीजवळ ठेवतात," म्हणायचात. म्हणून मी लाथ वरच ठेवतो. मी उद्या सही करतोय. देशभरच्या फुटबॉल खेळाडूंचा संप चालू आहे, संघाच्या मालकाने बाहेरून माणसं गोळा करायला घेतली आहेत, आणि त्या माणसांत मी आहे.

झालं. आता पत्र फेकायचं तर फेका. नाही फेकलंत तर माझी बाजू ऐका.

ऑगस्टात याच संघाने मला काढलं. चार हंगाम त्यांच्यासाठी हाडं मोडून घेतली, आणि एका सकाळी खोलीच्या दारावर टकटक. "कोच बोलावतोय. डावांची वही बरोबर आण." वही परत मागितली की समजायचं, आपलं इथलं अन्नपाणी संपलं. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तुम्ही पेपरातून डोकं वर न काढता म्हणालात, "तुझं निदान दार तरी वाजवलं. आम्हाला कारखाना बंद झाल्याचं फाटकाच्या कुलपावरून कळलं."

मग मला सांगा, ज्याला आधीच हाकललंय तो संप कसा फोडेल? मी कुणाच्या तोंडचा घास काढत नाही. माझीच जागा होती ती. शिवाय आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. कारखान्याबरोबर तुमचा विमाही गेला. तुम्ही कुणापुढे हात पसरणार नाही, आई तोंड उघडणार नाही, मग मी काय हातावर हात ठेवून बसायचं?

फोन केला तर तुम्ही रिसीव्हर आईच्या हातात द्याल. म्हणून लिहितोय. कागदाचं बोलणं तुम्हाला मध्येच तोडता येत नाही.

एकच मागणं आहे. मला घरातून पुसून टाकू नका. लुशियसकाकांचं केलंत ते माझं करू नका.

तुमचा,
गार्लंड

३० सप्टेंबर, बुधवार

बाबा,

आईशी बोललो. रविवारी चर्चहून आल्यावर तुम्ही तिला माझंही ताट मांडायला लावलंत म्हणे. मी येणार नव्हतो हे माहीत असून. ती बिचारी खूश झाली, आणि तुम्ही ते ताट उचलून पालथं घातलंत आणि जेवायला बसलात. व्वा. खुनशीपणा करावा तर एझेल पेटवेने.

मी दुसरीत होतो तेव्हा काकांचं ताट असंच पालथं पडलं होतं. नदीपलीकडच्या तारेच्या कारखान्यात संप होता. अख्खा हिवाळा गेला, माणसं गळत गेली, आणि शेवटी फाटकावर एकटा कोस्टा उरला. लंगडा कोस्टा, पिंपात लाकडं पेटवून बर्फात उभा. तुमचा तो कारखाना नव्हता, तरी तुमची पाळी संपली की तुम्ही पूल ओलांडून त्याच्या शेजारी जाऊन उभे राहायचात. त्याच आठवड्यात काका आत कामावर गेले. आजीच्या स्वयंपाकघरात ते रडकुंडीला येऊन म्हणाले, "एझेल, अरे, एकच तर माणूस होता फाटकावर." तुम्ही म्हणालात, "एक माणूस उभा असला तरी ती रांगच."

ते तुमचं सख्ख्या भावाशी शेवटचं बोलणं. पुढे आजी दर रविवारी त्यांचं ताट मांडायची आणि तुम्ही ते पालथं घालायचात. कुणी ते उचलायचं नाही, कुणी सुलटं करायचं नाही. मी एकदा खेळता खेळता सुलटं केलं तर तुम्ही माझ्या बोटांवर जेवणाचा काटा मारलात. आणि काका गेले तेव्हा? चर्चमध्ये सगळी वस्ती, आणि तुम्ही समोरच्या फुटपाथवर टोपी हातात धरून पूर्ण वेळ उभे. आत आला नाहीत. मी शवपेटीचा कोपरा खांद्यावर घेऊन बाहेर आलो तेव्हा तुमचे डोळे ओले होते. थंडीने की कशाने, हे विचारायची माझी आजवर छाती झालेली नाही.

मला त्या फुटपाथची भीती वाटते, बाबा. खरं सांगतो. बाकी कशाचीच नाही.

काल आमची बस मैदानाच्या फाटकातून आत गेली. आतून खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली होती, पण माझ्या खिडकीवरचा कागद निसटला. बाहेर ते पाचही जण उभे होते. तुम्ही युनियनच्या हॉलमध्ये माझी टिंगल करायचात ना, "माझ्या पोराला पगार मिळतो तो चेंडू पोटाशी धरून पळून जाण्याचा, पाच दांडगे पुढे मार खातात आणि टाळ्या याला," तेच पाच. आमच्या धंद्यात पळणाऱ्याने आपल्या पुढच्या फळीला खाऊ घालायचं असतं. मी चार वर्षं दर गुरुवारी त्यांना जेवायला नेलं. बरगड्यांची एवढाली ताटं यायची आणि आम्ही हाडांचा ढीग करून ठेवायचो. ज्या हंगामात मी हजार यार्ड पळालो, त्या नाताळात पाचांना पाच घड्याळं दिली. मागे प्रत्येकाचं नाव कोरून.

बाकीचे "संपफोड्या! संपफोड्या!" ओरडत होते, अंडी मारत होते. ते पाच ओरडले नाहीत. रे डुगन, त्यांचा म्होरक्या, माझ्या समोरचा मधला माणूस, त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं आणि वाकून बसच्या चाकापुढे रस्त्यावर ठेवलं. मग दुसऱ्याने. मग बाकीच्यांनी. बस वरून गेली. आत मला आवाजसुद्धा आला नाही.

तुम्ही म्हणाल, घड्याळं वाटायला कुणी सांगितलं होतं. बरोबर आहे.

गार्लंड

५ ऑक्टोबर, सोमवार

बाबा,

काल पहिली मॅच झाली. आम्ही हरलो. पेपरात छापलंय त्याहून वाईट हरलो. मैदानात एवढे कमी लोक होते की कुणी खोकलं तरी मला ओळखू येत होतं कुठल्या बाजूला बसलाय.

माझ्या पुढची नवी फळी सांगतो, म्हणजे तुम्हाला थोडं हसू येईल. एकजण दारूच्या गुत्त्यात काम करतो. एकजण शाळेत भूगोल शिकवतो. डावीकडे बर्ट, तुरुंगातला पहारेकरी, अंगाने भिंत आहे पण मनाने कोकरू. समोरचा माणूस त्याच्या बगलेतून येऊन मला उताणा पाडून गेला, तर हा मला हात देत म्हणतो, "सॉरी हं, तो इतका हसत आला ना, मला वाटलं तुझ्या ओळखीचा आहे."

मी म्हटलं, "बर्ट, इथे माझ्या ओळखीचं कुणी उरलेलं नाही."

रे डुगन पुढे असताना मला मागे वळून पाहावं लागत नसे. तो फक्त म्हणायचा, "माझ्या मागे राहा," आणि त्याच्या पाठीवरून मला कळायचं डावीकडे जायचं की उजवीकडे. काल मी सगळा वेळ बर्टची पाठ बघत होतो आणि त्या पाठीला काही म्हणायचं नव्हतं.

उजवा गुडघा धरतोय. आईला सांगा मी ठीक आहे. म्हणजे, सांगू नका, तुम्ही बोलणारच नाही. मी तिला सांगेन.

एक ओळ लिहा, बाबा. शिवी लिहिलीत तरी चालेल.

गार्लंड

१२ ऑक्टोबर, सोमवार

बाबा,

आज मला अठ्ठावीस पूर्ण झाली. तारीख तुमच्या लक्षात आहे, कारण मी जन्मलो त्या दिवशी तुम्ही फाटकावर होतात. देशभरचे पोलाद कारखाने बंद, हाताला काम नाही, आणि घरात नवीन तोंड. हॉलमधल्या बायकांनी आळीपाळीने दूध पोचवलं. संपाच्या पाट्यांच्या लाकडाचा माझा पाळणा झाला. शाळेत जाईपर्यंत मला गार्लंड कुणी म्हटलंच नाही. तुम्ही मला खांद्यावर घेऊन हॉलमध्ये शिरायचात आणि कोस्टा ओरडायचा, "आलं बघा संपाचं पोर! एक बटाट्याची पिरोगी द्या रे त्याला, गरम!"

आज त्या पोराने आईला फोन केला. मी तिला म्हटलं, हे सगळं तुझ्या डोळ्यांसाठी चाललंय गं. तर ती काय म्हणाली माहीत आहे?

"माझ्या डोळ्यांना मध्ये घालू नकोस, गार्लंड. ऑपरेशनची सोय सरकारी दवाखान्यात झालीय, तुला जुलैतच सांगितलं होतं. दिसत नसलं तरी तुझं तोंड आत्ता कसं झालंय ते मला इथून दिसतंय."

मग म्हणाली, "पत्रं त्याने फ्रिजवर ठेवलीत. उघडत नाही. पण मी पुसायला म्हणून उचलली तर ओरडतो, तिथंच ठेव म्हणून."

म्हणजे तुम्ही वाचत नाही आहात. मग खोटं तरी कशाला लिहू?

डोळ्यांसाठी नाही, बाबा. पैशासाठीही नाही. मला पळायचं होतं. बस, एवढंच.

ऑगस्टपासून मी फर्निचरच्या दुकानात सोफे उचलत होतो. लोकांच्या जिन्यांवरून सोफे वर न्यायचे. सकाळी डोळे उघडायच्या आधी माझे पाय जागे व्हायचे आणि कुठेच जायचं नसायचं. तुम्ही म्हणता पळून जातो. पळून जात नाही हो मी. चेंडू पोटात येतो, समोर माणसांची भिंत असते, आणि तिच्यात क्षणभर फट पडते. ती मला दिसायच्या आधी पाय तिकडे गेलेले असतात. तेवढा वेळ काही दुखत नाही. तेवढा वेळ मी आपल्या वस्तीतल्या त्या डोंगराच्या पायऱ्यांवर असतो, तुम्ही खाली डबा घेऊन उभे असता आणि ओरडता, "घसरशील, गाढवा!" आणि तुमच्या आवाजात हसू असतं.

काल दुसऱ्या मॅचमध्ये तशी फट मला दोनदा सापडली. मी आनंदाने ओरडलो. लाज वाटली नाही. आज वाटतेय.

तुमचं काय झालं होतं ते मी पाहिलंय. कारखाना बंद झाल्यावर तुम्ही कितीतरी दिवस पहाटे उठायचात, डबा भरायचात आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तोच डबा उघडून खायचात. जाकीट घालून. मी त्या वेळी घरी होतो, उजवा गुडघा प्लास्टरमध्ये होता, मी सोफ्यावरून बघायचो आणि झोपेचं सोंग करायचो. मग माझं दुखणं तुम्हाला का कळत नाही? तुमच्याइतकं ते या जगात दुसऱ्या कुणाला कळणार आहे?

समजा तुम्हाला कुणी म्हटलं असतं, एझेल, भट्टी पुन्हा पेटवतो, तीनच पाळ्यांपुरती, पण फाटकावर कोस्टा उभा आहे. तुम्ही गेला नसतात. मला माहीत आहे. डब्याकडे बघत बसून राहिला असतात. मी गेलो. आपल्या दोघांत फरक एवढाच, आणि तो लहान नाही.

संपाचं पोर

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

बाबा,

संप काल संपला. जिंकला नाही, मोडला. तुम्ही रेडिओवर ऐकलंच असेल आणि रेडिओ बंद केला असेल.

जुनी मंडळी परत आली आहेत, पण मालकांनी त्यांना सांगितलं की उशीर केलात, हा रविवार आम्ही बाहेरून आणलेल्यांनीच खेळायचा. मुद्दाम मान खाली घालायला लावायचं, दुसरं काय. काल रे डुगन आपलं सामान बघायला आला होता. कपड्यांच्या खोलीत आम्ही दोघंच. मी म्हटलं, "रे, गुरुवार आहे."

तो म्हणाला, "हो. आहे." आणि बूट घेऊन गेला.

पण ऐका, एक चांगली गोष्ट आहे. कोचने मला बाजूला घेऊन सांगितलं, "सोमवारी तुमच्यातले जवळजवळ सगळे घरी जातील. एक जागा ठेवायची आहे. रविवारी दाखव मला काय ते." माझ्याकडे बघून म्हणाला. बर्टकडे बघून नाही.

एक जागा, बाबा! पुन्हा खरा संघ, खरी फळी. गुरुवारी मी रेच्या घरासमोर जाऊन बसेन, महिनाभर बसेन, कधीतरी तो जेवायला येईलच. आणि तुम्हीही. कारण आता फाटकावर कुणी नाही. पाट्या कचऱ्यात पडल्या आहेत, मी डोळ्यांनी पाहिल्या. जे ओलांडायचं नव्हतं ते आता उरलेलंच नाही. रविवारी मी जाईन तो कुणालाही न ओलांडता जाईन. हे तरी तुम्ही धराल ना?

आई म्हणाली तुम्ही कपाटातून युनियनचं निळं जाकीट काढून ब्रशने घासत बसला आहात. निवृत्तांची सभा आहे वाटतं. कोस्टाला माझा नमस्कार सांगा. नको, सांगू नका.

गार्लंड

१९ ऑक्टोबर, सोमवार

बाबा,

हे पत्र तुम्ही घरी पोचाल त्याच्या एखाद दिवस मागून येईल. तुम्ही ते फ्रिजवर ठेवाल. ठेवा.

काल बस वळून फाटकाशी आली आणि थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "आता हा कोण म्हातारा?"

मी उठून पुढे पाहिलं. निळं जाकीट. कोपरावर आईने लावलेलं ठिगळ. रिकाम्या रस्त्यावर एकटे तुम्ही, रात्रभर बसमध्ये बसून आलेले, आणि हातात पुठ्ठ्याची पाटी. तुमच्याच अक्षरात एकच शब्द. संप.

बर्टने खिडकी उघडून हाक मारली, "आजोबा, संपला हो संप! घरी जा, थंडी आहे!" सगळी बस हसली. बर्टच्या मनात काही वाईट नव्हतं. मी हसलो नाही. पण हे माझे वडील आहेत असंही म्हणालो नाही.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने तुमचं कोपर धरलं. तुम्ही हात सोडवून घेतलात, स्वतःच दोन पावलं बाजूला झालात आणि पाटी पुन्हा वर धरलीत. बस तुमच्या इतकी जवळून गेली की काच नसती तर मी तुमच्या टोपीला हात लावू शकलो असतो. तुम्ही मला पाहिलंत. मला पाहिलंत आणि पाटी खाली केली नाहीत.

मला उतरता आलं असतं. ड्रायव्हरला एक शब्द बोलायचा होता. तो शब्द माझ्या तोंडात होता, देवाशपथ होता. आणि डोक्यात कोच म्हणत होता, एक जागा आहे. मी बसून राहिलो. काकांनी कोस्टाला ओलांडलं. मी तुम्हाला ओलांडलं. माझ्यासाठी आता पालथं घालायला याहून मोठं ताट तुमच्याकडे आहे का?

आणि मग मी पळालो. बाबा, असा मी जन्मात पळालो नव्हतो. बर्टने एकदा खरोखर वाट मोकळी केली, मग मला कुणाची गरजच उरली नाही. फटी स्वतः येत होत्या. लोक उभे राहिले. हजार यार्डांच्या वर्षीही माझ्यासाठी असा आवाज झाला नव्हता, आणि मला तो आवाज विषासारखा लागत होता, कारण तो फाटकाबाहेर ऐकू जातो हे मला माहीत होतं.

शेवटच्या भागात चेंडू हातात आला आणि समोर कुणीच नाही. मोकळं मैदान. मला कुणी हातही लावला नाही, आणि डावा गुडघा आतल्या आत सुटला. जुनं कापड फाटावं तसा आवाज झाला. मी चेंडू सोडला नाही. चेंडू पोटाशी धरून तिथेच बसलो. कोच आला, गुडघ्याकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, आणि वळून दुसऱ्याला हाक मारली. मला कळलं. वही मागायचीसुद्धा गरज नव्हती.

रुग्णवाहिकेत आडवा असताना मी त्या माणसाला विचारलं, "फाटकावर कुणी म्हातारा उभा आहे का बघ."

तो म्हणाला, "कुणी नाही. फाटकावर कशाला कुणी असेल?"

सूज उतरली की गुडघ्याचं ऑपरेशन करणार आहेत. पुन्हा पळता येणार नाही हे डॉक्टरने मला फार गोड शब्दांत सांगितलं. मी त्याचं बोलणं शेवटापासून ऐकलं.

मी काय करू, बाबा? पळणं गेलं, रे गेला, तुम्ही गेलात. खोलीत तीन भिंती आणि एक खिडकी आहे आणि मी खिडकीकडे पाठ करून झोपतो, कारण बाहेर लोक चालत असतात.

गार्लंड

२० ऑक्टोबर, मंगळवार. हे पत्र टपालात टाकलेलं नाही.

बाबा,

सकाळी आईचा फोन आला. "तो अजून घरी आलेला नाही रे. आणि फ्रिजवरची पत्रं कुठे आहेत? मी आत्ता पाहिलं, फ्रिजवर काही नाही."

मी फोन ठेवला आणि रडलो, मोठ्याने. फिलिस नावाची नर्स आहे, चहाच्या कपाएवढी बाई पण आवाज फौजदाराचा, ती धावत आली. तिला वाटलं गुडघा. मी म्हटलं माझे वडील हरवलेत. निळं जाकीट, उंच, वाकत नाहीत. तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तो तुझा बाप आहे होय? समोरच्या फुटपाथवर कालपासून उभा आहे बाबा तो. एक पाटी भिंतीला उलटी टेकवून ठेवलीय. आज सकाळी एकदा आत आला, टोपी काढली आणि मला विचारलं, 'गार्लंड पेटवे. कुठला गुडघा?' मी म्हटलं डावा. 'जुना उजवा होता,' म्हणाला, आणि चालला परत. मी म्हटलं, अहो, भेटायची वेळ चालू आहे, वर जा की. तर म्हणतो, 'मी आत जात नाही.'"

मी तिला पलंग खिडकीशी ढकलायला लावला. दिसताय तुम्ही. टोपी हातात आहे. चर्चसमोर उभे होतात तसेच अगदी. पण बाबा, लुशियसकाका मेले होते. मी मेलेलो नाही.

तुम्ही आत येणार नाही, ते मला कळतं. तुमच्याकडून ते होणार नाही आणि मी म्हणणारही नाही. म्हणून मी येतोय. डॉक्टर नको म्हणाला. फिलिस म्हणाली, "पडलास तर माझी नोकरी जाईल." मग थोड्या वेळाने स्वतःच कुबड्या घेऊन आली. "मी पुढे चालते, दारं उघडते, लोकांना बाजूला करते. तू माझ्या मागे राहा."

तिला ठाऊक नाही ती काय बोलली ते.

हे पत्र तिच्या हातात आहे. ती आधी पोचेल. माझ्या खोलीपासून तुमच्या फुटपाथपर्यंत लांबलचक व्हरांडा आहे, एक जिना आहे आणि एक रस्ता आहे. माफ करा असं म्हणायला येत नाही. ताट पालथंच राहू द्या, मी त्याला हात लावणार नाही. मला फक्त तुमच्या शेजारी उभं राहायचं आहे, जिथे परवा बसमधून उतरायला हवं होतं तिथे. बोलू नका. माझ्याकडे बघूही नका. एक माणूस उभा असला तरी रांग होते, मग एक धड आणि एक लंगडा मिळून का होणार नाही? कोस्टाही लंगडाच होता.

तुम्ही हे शेवटापासून वाचाल हे मला माहीत आहे. म्हणून या वेळी मागायचं ते शेवटीच ठेवलंय.

तिथून जाऊ नका, बाबा. मला आता यायला वेळ लागतो.